मेमॉयरला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की वडील सत्तरीनंतर आयुष्यातले प्रसंग वहीत लिहून काढतायत, नातवंडांसाठी त्याचं छोटं पुस्तक करायचंय, पण आत्मचरित्र म्हटलं तर त्यांनाच संकोच वाटतो, मग मेमॉयरला मराठी शब्द कुठला?

मी तर सरळ 'आठवणी' म्हणेन. घरातला शब्द आहे म्हणून लोकांना तो हलका वाटतो आणि मग 'संस्मरण' वगैरे शोधत बसतात, संस्मरण चूक नाही पण माझ्या कानाला हिंदीच लागतो. आत्मचरित्र म्हटलं की वाचणारा जन्म, शिक्षण, नोकरी, लग्न असा क्रम धरून बसतो, मधली दहा वर्षं गाळली तर विचारणारच की काय लपवलं म्हणून. आठवणींना ती सक्ती नाही. रमाबाई रानडेंच्या 1910 च्या पुस्तकाचं नावच बघा, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', त्यात 'माझ्या' नाही 'आमच्या' आहे (आणि आत त्यांचे पती न्यायमूर्ती रानडेच जास्त दिसतात), शिवाय 'काही' म्हणून सगळं सांगायच्या जबाबदारीतून सुटका. धोंडो केशव कर्व्यांनी 1915 मध्ये 'आत्मवृत्त' शब्द घेतला, वृत्त म्हणजे घडलेलं, जवळजवळ रिपोर्टच, संस्था उभ्या करणाऱ्या माणसाला तो शोभतो. 'आत्मकथन'ला आता दलित लेखनामुळे वेगळं वजन आलंय, ते उगाच उसनं घेऊ नये. 'स्मरणिका' तर नकोच, ती संमेलनाची असते आणि निम्म्या जाहिराती असतात, आणि 'स्मृतिग्रंथ' माणूस गेल्यावर बाकीचे काढतात, वडील चांगले हिंडतेफिरते आहेत ना!

पण शीर्षकापेक्षा मला आतल्या भाषेची जास्त काळजी वाटते. मराठीत आपण 'मला आठवतं' म्हणतो, आठवण आपणहून येते, आणि जी ओढून आणावी लागते तिच्यासाठी 'आठवून बघतो' आहे. वहीत हा फरक राहू द्या. आणि 'म्हणे' अजिबात काढू नका! 'माझा जन्म झाला तेव्हा म्हणे खूप पाऊस होता', यात एका शब्दात कळतं की हे ऐकीव आहे, स्वतः बघितलेलं नाही. टाइप करून देणारा नातेवाईक हमखास आधी तेच उडवतो, बोलीभाषा वाटते म्हणून, आणि मग ऐकलेलं आणि पाहिलेलं एकाच पातळीवर येतं. तसंच 'आई पहाटे उठायची' ही रोजची गोष्ट, 'आई पहाटे उठली' म्हटलं की आता काहीतरी घडणार असं वाटतं. सगळीकडे '-यची' लावलं तर पानंच्या पानं नुसती सवयींची होतात, एकही प्रसंग उभा राहत नाही, हा दोष अशा लिखाणात फार दिसतो. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून घ्या, लगेच कळतं.

'स्मृतिचित्रे' हा शब्द अर्थात सुंदर आहे, पण तो लक्ष्मीबाई टिळकांचा होऊन बसलाय. तरी शीर्षकात स्मृती घ्यायचीच असेल तर एकटी असताना 'स्मृती' दीर्घ आणि समासात पुढे आली की 'स्मृति' ऱ्हस्व, एवढं छापण्याआधी तपासा.