मुक्तिबोध मराठी होते, मग हिंदीत का लिहीत? आणि वाचायला सुरुवात कुठून करावी?

गजानन माधव मुक्तिबोध, हिंदीतले मोठे कवी. नावाची ठेवणच मराठी आहे. घरातही मराठीच बोलत, पण जन्म (१९१७) ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचा, वडील पोलीस खात्यात आणि शिक्षण उज्जैन-इंदूरकडचं. त्यामुळे लिहायची भाषा हिंदी झाली. धाकटे भाऊ शरच्चंद्र मात्र मराठीत लिहू लागले, ‘क्षिप्रा’ ही कादंबरी त्यांचीच. एका घरात दोन भाषांचे दोन मोठे कवी! म्हणून ‘आपला माणूस हिंदीनं नेला’ असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

सुरुवात ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेपासून करा, आणि मोठ्यानं वाचा. शहराबाहेर एक पडकी, खोल विहीर आहे. पायऱ्या पाण्यात उतरलेल्या, भोवती औदुंबर मुके उभे. आत एका विद्वानाचं भूत अंग घासत बसलंय. हात, छाती, तोंड धू-धू धुतो, पण मळ काही जात नाही. मी नागपूरला शिकत असताना ही कविता पहिल्यांदा वाचली. हिंदी बेताचंच येत होतं, तरी ते पाण्यात हात मारणं कानात बसलं. औदुंबर आणि ब्रह्मराक्षस आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाहीत.

मग ‘अँधेरे में’. खूप लांब आहे, एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका. त्यात मध्यरात्री बँड लावून मिरवणूक निघते. फौजेबरोबर पत्रकार, कवी, विद्वान चाललेत आणि त्यांच्यातच शहरातला कुख्यात खुनी डोमाजी उस्ताद! पुढे टिळकांचा पुतळा येतो, त्याच्या नाकातून रक्त ठिबकतंय. त्या ओळीपाशी मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

नागपुरात मुक्तिबोधांनी रेडिओवर आणि ‘नया खून’ साप्ताहिकात काम केलं. १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं त्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर बंदी घातली. तो घाव त्यांना फार लागला. ११ सप्टेंबर १९६४ ला दिल्लीत गेले, वय अवघं सेहेचाळीस. या दोन्ही कविता ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ या संग्रहात आहेत. तो छापून आला तेव्हा ते हयात नव्हते.