तोंडात नळी, उशाशी तांब्या

वडिलांचा फुप्फुसाचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात होता. एक डॉक्टर म्हणाले, घरी न्या. दुसऱ्यांनी व्हेंटिलेटरचा आग्रह धरला. बरोबर कोण? (निपाणी)

आजाराबद्दल दोघांचं बहुधा एकच मत असणार. वेगळे असतात ते घरचे संस्कार, पण हे आम्ही डॉक्टर सहसा कबूल करत नाही. 1999-2000 मध्ये युरोपातल्या 17 देशांतले 37 अतिदक्षता विभाग तपासले गेले. ज्यू, ग्रीक ऑर्थोडॉक्स आणि मुस्लिम डॉक्टरांचा कल लावलेलं यंत्र काढण्यापेक्षा नवं न लावण्याकडे जास्त दिसला. शिक्षण सारखंच, हात मात्र वेगळ्या ठिकाणी अडतो.

माझाही अडतो. आजीला आम्ही शेवटी घोंगडीवर खाली घेतलं होतं, तोंडात तुळशीपत्र, गंगेचं पाणी. पुढे बेळगावात एका रुग्णाची मुलगी तसाच तांब्या घेऊन आली. वडिलांच्या तोंडात नळी, पाणी घालायचं कुठून? मी नियम सांगायला लागलो. ड्यूटीवरची ख्रिश्चन सिस्टर काही बोलली नाही. कापसाचा बोळा त्या पाण्यात भिजवून तिनं ओठांवरून फिरवला आणि पान नळीच्या चिकटपट्टीखाली सरकवलं.

'मरणवे महानवमी' (मरण हाच मोठा सण) म्हणणारे लिंगायत डॉक्टर मरणाला भीत नाहीत का? (शहापूर, बेळगाव)

भितात की! म्हण येणं वेगळं, बाहेर येऊन नातेवाइकांना सांगणं वेगळं. पण रीत कशी वाकते ते बघा. लिंगायतांत देह बसवून पुरतात. तरी बैलहोंगलच्या एका डॉक्टरांनी 2010 मध्ये वडिलांच्याच इच्छेनुसार त्यांच्या दान केलेल्या देहाचं विच्छेदन बेळगावात स्वतः केलं.

आजी सल्लेखना (जैनांचं मरेपर्यंतच्या उपवासाचं व्रत) घेईन म्हणते. डॉक्टर 'ही आत्महत्या' म्हणून चिडले. (सदलगा)

तुमच्याच गावचे आचार्य विद्यासागर फेब्रुवारी 2024 मध्ये डोंगरगडला सल्लेखनेनंच गेले. डॉक्टरांना बहुधा पोलिसांची धास्ती आहे. राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट 2015 मध्ये ती बेकायदा ठरवली होती, पण त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. तरी आधी एक बघून घ्या: आजी व्रत म्हणते आहे, की दुखण्याला आणि एकटेपणाला कंटाळली आहे? दुसरं असेल तर त्यावर औषध आहे, माणसंही आहेत. वेदनेवर काय घेतलेलं चालेल, ते तिच्या मुनिमहाराजांनाच विचारा.

'मला यंत्रावर ठेवू नका' असं आधी लिहून ठेवता येतं का? (खानापूर)

येतं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. कर्नाटक सरकारचं परिपत्रक जानेवारी 2025 मध्ये निघालं. वेळ आल्यावर डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात, मगच उपचार थांबतात.

कागद मराठीत लिहिलात तर कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा. रात्री दोन वाजता ड्यूटीवर असेल तो डॉक्टर हुबळीचाही असू शकतो, केरळचाही. आणि कपाटात कुलूप लावून ठेवू नका. किल्ली कुणाला सापडत नाही.