नव्या गाडीच्या खालचा ट्रे लोंबतोय, काढून टाकू का?

प्रश्न : राम राम दादा. नवी गाडी घेतली, पहिली सर्व्हिसिंगपण झाली नाही अजून, आणि धुळ्याहून येताना पारोळ्याच्या पुढे ऐंशीला गेलो की खालून फडफड आवाज. वाकून पाहिलं तर इंजिनखालचा प्लास्टिकचा ट्रे एका बाजूने लोंबलेला. गावातला मिस्तरी म्हणतो काढून फेका, नाहीतर झिपटायने, म्हणजे प्लास्टिकच्या बांधायच्या पट्टीने, बांधून देतो. काय करू?
– एक वाचक, एरंडोल

उत्तर : भाऊ, फेकू तर नकाच. पावसाळ्यात शेतरस्त्याला गाडी घातली की आपली काळी माती कशी चिकटते ते तुम्हाला काय सांगायचं, ट्रे नसला तर तोच चिखल इंजिनच्या बेल्टवर आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर जाऊन बसतो.

गाडी वॉरंटीत आहे ना, मग खिशातून एक रुपयापण घालू नका. फोटो काढा, शोरूमला जा, तक्रार जॉबकार्डवर लिहून घ्या आणि गाडी लिफ्टवर चढली की स्वतः खाली उभे राहा, कारण घाईत एखादी क्लिप ठोकून "झालं साहेब" म्हणणारे कमी नाहीत. आधी ट्रेची पुढची कड बघा, बऱ्याच गाड्यांत ती बंपरच्या पट्टीच्या आत, वरच्या बाजूला जाते, ती खाली राहिली की समोरची हवा सरळ आत घुसते, ट्रे फुगतो आणि मागच्या क्लिपा उपटतात. मग क्लिपा. मधली पिन बाहेर ओढायची, क्लिप भोकात पूर्ण बसवायची आणि मगच पिन दाबायची. पिन आधीच दाबलेली असली तर वरून बसल्यासारखी दिसते पण धरत काहीच नाही! बोल्ट नुसता गरगर फिरत असेल तर वरची पत्र्याची नट-क्लिप सरकलेली असते, ती जागेवर आणायची. सगळे बोल्ट आधी हाताने लावून मग पान्याने आवळायचे, तेही बेताने, जास्त आवळलं की प्लास्टिकचं भोक फाटतं. फाटलंच असेल तर नवा ट्रे मागा.

झिपटाय घरी पोचण्यापुरता ठीक, पण सायलेन्सरच्या पाइपाजवळ बांधला तर वितळणार. आणि नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, जॅक ट्रेला तर लावूच नका.

ऑइल बदलताना बऱ्याच गाड्यांत हा ट्रे काढावा लागतो आणि क्लिपा तिथेच गायब होतात, तेव्हा गाडी ताब्यात घ्यायच्या आधी परत एकदा वाकून बघा.