वेलहाउझेन यांना ‘धर्मशास्त्रज्ञ’ म्हणावे का?

जर्मन अभ्यासक यूलियुस वेलहाउझेन यांच्या मराठी परिचयात त्यांना सरसकट ‘धर्मशास्त्रज्ञ’ म्हटलेले योग्य आहे का, असा प्रश्न विचारला गेला आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे.

पहिली अडचण मराठीतलीच आहे. धर्मशास्त्र म्हटले की आपल्यासमोर मनुस्मृती, याज्ञवल्क्यस्मृती आणि महामहोपाध्याय काणे यांचा व्यासंग उभा राहतो, तर मराठी ख्रिस्ती लेखनात हाच शब्द बायबलसाठीही येतो. त्यामुळे वाचकाला नेमका बोध होत नाही. मात्र शब्द संदिग्ध नसता, तरी या माणसाला तो लावताना मी थांबलो असतो.

वेलहाउझेन यांचा जन्म १८४४ मध्ये हामेल्न येथे झाला. ग्योटिंगेन येथे हाइनरिख एवाल्ड यांच्या हाताखाली ते शिकले आणि १८७२ मध्ये ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात ईश्वरविज्ञानाचे (थिऑलॉजीचे) प्राध्यापक झाले. १८७८ मध्ये इस्राएलच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ आला. बायबलमधील संदेष्ट्यांच्या (देवाचा संदेश सांगणाऱ्यांच्या) आधी मोशेचे नियमशास्त्र, हा परंपरेने मानलेला क्रम त्यांनी उलटा केला. त्यांची पद्धत एका उदाहरणावरून कळते. बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात देव जिथे जिथे आपल्या नामाचे स्मरण करवील तिथे वेदी बांधण्याची मुभा आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मात्र एकाच निवडलेल्या स्थानी यज्ञ करण्याची सक्ती आहे. (‘अनुवाद’ येथे ‘पुन्हा सांगणे’ या जुन्या अर्थाने आहे, भाषांतर या अर्थाने नव्हे.) याजकीय, म्हणजे पुरोहितवर्गाच्या, नियमांत तर एकच पवित्रस्थान गृहीतच धरलेले दिसते. मुभा, सक्ती आणि गृहीतक या तीन अवस्था इतिहासात एकामागून एक आल्या असल्या पाहिजेत आणि याजकीय भाग यहुद्यांच्या बाबेलमधील (बॅबिलोनमधील) बंदिवासानंतरचा असला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण पुराव्याची ही मांडणी आजही वाचण्यासारखी आहे.

शब्दाच्या दृष्टीने निर्णायक वर्ष १८८२ हे आहे. त्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला. बायबलच्या शास्त्रीय अभ्यासाच्या ओढीने आपण या क्षेत्रात आलो, पण विद्यार्थ्यांना चर्चच्या सेवेसाठी तयार करणे हेही या पदाचे काम आहे आणि ते आपल्या हातून होत नाही, उलट आपल्या अध्यापनाने ते त्या सेवेस अपात्र ठरतात, असे कारण त्यांनी मंत्र्यांना लेखी कळवले. मग हाले येथे सेमिटिक भाषांचे कनिष्ठ दर्जाचे प्राध्यापकपद त्यांनी पत्करले. सचोटीपायी इतकी किंमत मोजणाऱ्या अभ्यासकाला, त्याने स्वतः खाली ठेवलेली पदवी आपण पुन्हा चिकटवू नये, असे मला मनापासून वाटते.

‘हिब्रूपंडित’ हा शब्द सुटसुटीत असला तरी तोकडा पडतो, कारण १८८५ पासून मारबुर्ग येथे आणि १८९२ पासून ग्योटिंगेन येथे त्यांनी इस्लामपूर्व अरबांचा धर्म आणि उमय्या घराण्याची खिलाफत यांवरही मूलगामी काम केले, आणि उत्तरायुष्यात ते शुभवर्तमानांकडे (येशूच्या जीवनावरील बायबलमधील पुस्तकांकडे) वळले. म्हणून ‘प्राचीन इस्राएलचे इतिहासकार व सेमिटिक भाषांचे अभ्यासक’ असे लिहावे. ग्राइफ्सवाल्डच्या दहा वर्षांपुरते ‘ईश्वरविज्ञानाचे प्राध्यापक’ हे पदनाम वापरण्यास हरकत नाही.