पल्स बघायला काय घ्यावं?

कमाटीबागेत सकाळी पळायला सुरुवात केलीस ते फार छान झालं. फक्त पल्सच बघायचाय ना, मग महागडं जीपीएसवालं घड्याळ नको घेऊस, साधा छातीचा पट्टा घे आणि ब्लूटूथने फोनला जोड. घड्याळ हिरवा लाइट मारून मनगटातलं रक्त बघतं, पट्टा थेट हृदयाचे इलेक्ट्रिक सिग्नल पकडतो, त्यामुळे जोरात पळून थांबलास की पट्ट्यावर आकडा लगेच बदलतो आणि घड्याळ बरेचदा मागेच राहतं.

नुसतं चालायचं असेल तर घड्याळही चालेल, पण मनगटाच्या हाडापासून बोटभर वर नीट घट्ट बांध, ढिलं असलं की कधीकधी पावलांचा ठेकाच पल्स म्हणून दाखवतं.

पट्टा लावताना आतले पॅड पाण्याने ओले करायचेच, कोरडा लावलास तर घाम येईपर्यंत आकडे काहीच्या काही येतात, आणि घरी आल्यावर धुऊन वाळव, बडोद्याच्या उन्हाळ्यात तर रोजच. सीआर २०३२ या बटणासारख्या गोल सेलवाला बघ, तो सेल कुठेही मिळतो.

पल्स जास्तीत जास्त किती जाऊ शकतो त्यासाठी २२० वजा वय हा नुसता अंदाज धर. आणि काकांसाठीही घेणार म्हणालास, त्यांना बीपीची बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर पल्स मुळातच कमी राहतो, तिथे हा हिशोब अजिबात लावू नकोस, आधी डॉक्टरांना विचार.