धोत्र्याच्या बिया पोटात गेल्यावर माणूस भ्रमिष्टासारखा का वागतो?

तुम्ही विचारलंय की असं का होतं आणि लिंबूपाणी पाजून ते उतरतं का. तर नाही उतरत, आधी दवाखाना गाठा.

माझा मामेभाऊ पाच वर्षांचा होता, महाशिवरात्रीला देवळामागे पडलेलं काटेरी बोंड फोडून त्याने बिया खाल्ल्या, दिसतात पण त्या मिरचीच्या बियांसारख्याच. तासाभरात तोंड लालबुंद, अंग तापलेलं पण घामाचा थेंब नाही, जीभ कोरडीठाक आणि डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या की बघवत नव्हतं. मामीला ओळखेना, हवेतनं काहीतरी चिमटीत धरून तिच्या हातात द्यायचा, म्हणायचा "दोरा धर". ती चिमूट मी विसरलेलो नाही, पुढे फार्मसीला हा विषय आला तेव्हा रात्रभर तेच वाचत बसलो होतो.

आपल्या बऱ्याच नसा पुढच्या पेशीला निरोप देतात तो ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडून. धोत्र्यातली ॲट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्यं त्या निरोपाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेवर, आधीच जाऊन बसतात, एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तशी, स्वतः काही निरोप देत नाहीत आणि खऱ्याला बसू देत नाहीत. मग लाळ बंद, घाम बंद, लघवी अडते, हृदयाला हळू चालवणारी नस निकामी होते म्हणून ठोके धावत सुटतात. मेंदूत भान आणि आठवण या रसायनावर बरीच अवलंबून असते, तिथेही तेच होतं म्हणून ती बडबड. आतडी पण मंदावतात, त्यामुळे बिया पोटात रेंगाळतात आणि असर एक-दोन दिवस टिकतो.

गंमत नाही, खरंच सांगतो, हेच ॲट्रोपिन आपल्या शेतकऱ्यांचे जीव वाचवतं. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक अंगात गेलं की ॲसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम बंद पडतं, निरोप साचत जातात, तोंडातनं फेस येतो, छाती भरते. तेव्हा डॉक्टर ॲट्रोपिनची इंजेक्शनं देतात, छाती मोकळी होईपर्यंत पुन्हा पुन्हा.

पण ते मोजून दिलेलं असतं. झाडात किती आहे ते झाडागणिक बदलतं, म्हणून दम्यासाठी वगैरे घरगुती प्रयोग कृपा करून करू नका. कोणी खाल्लंच तर बोटं घालून उलटी काढू नका, भान नसलेल्या माणसाच्या श्वासनळीत जाते ती, आणि उरलेलं बोंड पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. आमच्या मामाने नेलं होतं म्हणून तिथे लगेच कळलं. तिसऱ्या दिवशी भावाने स्वतःहून पाणी मागितलं, दोऱ्याचं त्याला काहीच आठवत नव्हतं.