व्यापारी इमारतीचे सगळे कॅमेरे क्लाउडवर न्यावेत का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गोव्यातल्या म्हापशात तुमची दोन मजली इमारत आहे, खाली सहा गाळे, वर ऑफिसं, सगळं भाड्याने दिलेलं. थिवीला एक गोदाम. तुम्ही स्वतः पुण्यात असता. बारा कॅमेरे आणि जुना डीव्हीआर (चित्र साठवणारा रेकॉर्डर) चालू आहे, आणि आता एका विक्रेत्याने तो डीव्हीआर काढून सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर, न्यायचं कोटेशन दिलं आहे.

मी डिचोलीचा. 2008 पासून डिचोली, बार्देश आणि सत्तरीत कॅमेरे बसवतो. माझं मत आधीच सांगतो: क्लाउड घ्या, पण चारच कॅमेऱ्यांना. इमारतीतला रेकॉर्डर मात्र कोणी कितीही सांगितलं तरी काढू नका.

क्लाउड का, ते आधी. काही वर्षांपूर्वी एका मोबाइलच्या दुकानात मी आठ कॅमेरे बसवले होते. डीव्हीआर ठेवला गल्ल्याखालच्या कप्प्यात, कारण वायर तिथे सोपी पडत होती. चवथीच्या सुट्टीत दुकान फुटलं. सकाळी शेटनी मला बोलावलं, मी धावत गेलो, तर कप्प्यात तुटलेल्या वायरी लोंबत होत्या. माल गेला आणि त्याच्यासोबत डीव्हीआरही गेला. आठ कॅमेऱ्यांनी चोर नीट टिपला असणार, पण ते चित्र चोराच्याच पिशवीत होतं. ती चूक माझी होती आणि आजही मनाला लागते. त्यानंतर मी एकही रेकॉर्डर हाताला लागेल अशा जागी ठेवलेला नाही, आणि निदान दाराचं चित्र तरी इमारतीबाहेर पोचलंच पाहिजे असा हट्ट धरतो. चोरीचं सोडा, आगीचंही तेच. 2023 च्या जानेवारीत पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत रंगाचा कारखाना जळत होता, तेव्हा धूर सगळ्या बार्देशाने पाहिला. अशा आगीत भिंतीवरच्या पेटीतली हार्ड डिस्क वाचत नाही. आग कशी लागली हे सांगू शकणारी पहिली पाच मिनिटं इमारतीबाहेर गेलेली असली, तरच ती हाती लागतात.

मग सगळेच कॅमेरे वर का पाठवायचे नाहीत? याचं उत्तर आकड्यांत आहे आणि विक्रेते नेमकं हेच सांगत नाहीत. एक साधा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला साधारण 2 मेगाबिट पाठवतो असं धरा. दिवसाचे झाले 21.6 जीबी, महिन्याचे 648 जीबी. बारा कॅमेऱ्यांचे महिन्याला 7,776 जीबी, आणि त्यासाठी चोवीस तास 24 एमबीपीएसचा (सेकंदाला 24 मेगाबिट) अपलोड, म्हणजे वर पाठवायचा वेग, अखंड लागणार. तुमच्या प्लॅनवर ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असेल. खालची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच घरगुती फायबर प्लॅनना महिन्याला 3,300 जीबीची मर्यादा असते आणि ती संपली की वेग पार खाली येतो. म्हणजे तेराव्या दिवशीच तुमचे कॅमेरे अडखळू लागतील, आणि त्याच लाइनवर कार्ड मशीन चालवणारे भाडेकरू तुम्हाला फोन करतील.

आता हाच हिशेब चार कॅमेऱ्यांचा मांडा. एच.265 पद्धतीने चित्र दाबून पाठवलं तर जुन्या एच.264 च्या मानाने साधारण निम्म्या डेटात काम होतं. चार कॅमेरे, प्रत्येकी 1 एमबीपीएस, महिन्याचे 1,296 जीबी. हे कुठल्याही बऱ्या लाइनवर निभतं. बाकीचे आठ रेकॉर्डरवर राहू द्या. बाराही कॅमेऱ्यांचं पूर्ण चित्र महिनाभर ठेवायला 8 टीबीची एक डिस्क पुरते. डिस्क मात्र कॅमेऱ्यांसाठी बनवलेली घ्या. संगणकातली साधी डिस्क रात्रंदिवस लिहिण्यासाठी बनवलेली नसते.

वेग मोजताना डाउनलोड बघू नका, अपलोड बघा. तोही सकाळी अकराला नको. शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी सातला मोजा. तेव्हा जो आकडा येईल तोच तुमचा खरा आकडा.

‘हालचाल दिसली तरच वर पाठवायचं’ अशी सोय विक्रेता सांगेल. सोय चांगली आहे, पण आपल्या हवेत ती कशी वागते ते मी पाहिलंय. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि तो काचेसमोरच जाळं विणतो. वाऱ्याने जाळं हललं की कॅमेऱ्याला वाटतं माणूस आला. रात्रीतून तुमच्या फोनवर दोनशे सूचना येतात आणि चौथ्या दिवशी तुम्ही त्या बंद करता. मग खरा माणूस येतो तेव्हा फोन गप्प असतो. म्हणून नुसती हालचाल ओळखणारा कॅमेरा नको. माणूस आणि वाहन वेगळं ओळखणारा घ्या. आणि वॉचमनला दर पंधरा दिवसांनी लांब काठीच्या झाडूने कॅमेऱ्यांवरची जाळी काढायला सांगा. या कामाचे त्याला वेगळे पैसे द्या, म्हणजे ते होईल.

पावसाळ्याचं काय? 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा झाडं तारांवर पडली. अनेक ठिकाणी वीज दिवसचे दिवस नव्हती, फायबर तुटून लोंबत होते. त्या दिवसांत निव्वळ क्लाउडवर चालणारे कॅमेरे आंधळे झाले, कारण त्यांना लिहायला दुसरी जागाच नव्हती. म्हणून तुमच्या चारही क्लाउड कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड घाला. लाइन तुटली की कॅमेरा कार्डावर लिहितो, आणि लाइन परतली की मधला राहिलेला तुकडा वर पाठवतो. पण ही दुसरी गोष्ट प्रत्येक कंपनी करत नाही, म्हणून कोटेशनवर लिहून घ्या. कॅमेरे, स्विच (कॅमेऱ्यांच्या वायरी एकत्र जोडणारी पेटी), रेकॉर्डर आणि इंटरनेटचं राउटर एकाच यूपीएसवर हवेत. मी अशा जागा पाहिल्या आहेत जिथे कॅमेऱ्यांना यूपीएस आहे आणि राउटर साध्या प्लगवर. वीज गेली की कॅमेरा बघतोय, पण पाठवणारा झोपलेला. थिवीच्या गोदामाला तारेची लाइन बेभरवशाची असेल, तर सिमकार्डवर चालणारं दुसरं राउटर ठेवा. मे आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटासाठी सर्ज प्रोटेक्शन (विजेचा अचानक झटका अडवणारं साधन) आणि नीट अर्थिंग करून घ्या. एका विजेच्या लोळात स्विचसकट सहा कॅमेरे गेलेले मी काढले आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी इतकं लांब लिहायला बसलो, ती: खातं कोणाच्या नावावर आहे?

म्हापशातल्याच एका मालकाने दुसऱ्या एका माणसाकडून क्लाउड कॅमेरे बसवून घेतले होते. बसवणाऱ्याने सोयीसाठी खातं स्वतःच्या मोबाइल नंबरावर उघडलं आणि मालकाला फक्त बघायची परवानगी दिली. पुढे तो आखातात नोकरीला गेला आणि त्याचा इथला नंबर बंद झाला. पार्किंगमध्ये एका ग्राहकाची गाडी ठोकली गेली, फुटेज उतरवून हवं होतं, आणि मालकाला ते उतरवता येईना. कंपनीचं म्हणणं, खातेदाराने सांगितल्याशिवाय आम्ही काही करू शकत नाही. नियमाने ते बरोबरच होतं. मालक माझ्याकडे आला तेव्हा कॅमेरे रीसेट करून नवं खातं उघडण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं, आणि जुनं सगळं चित्र गेलं. हे होऊ देऊ नका. खातं तुमच्या ईमेलवर, तुमच्या नंबरावर उघडा, दोन टप्प्यांची ओळखपडताळणी चालू ठेवा, आणि बसवणाऱ्याला काम संपेपर्यंतच आत येऊ द्या. मलाही तसंच ठेवा, मी रागावणार नाही.

पासवर्डचंही तसंच. 2016 साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते एवढ्यावर ते घडलं. क्लाउडमुळे एक जुना धोका टळतो. कॅमेरा स्वतः बाहेर जोडणी करतो, म्हणून राउटरला बाहेरून दार उघडून ठेवावं लागत नाही. पण दुसरा धोका येतो, सगळ्यांची चित्रं एका ठिकाणी जमतात. 2021 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या व्हर्काडा या क्लाउड कॅमेरा कंपनीत घुसखोर शिरले. सर्वोच्च अधिकाराच्या एका खात्याचा तपशील त्यांना इंटरनेटवर उघडा सापडला होता, आणि तेवढ्यावर रुग्णालयं, तुरुंग, शाळा धरून सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांचं चित्र त्यांच्यासमोर खुलं झालं. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा: तुमच्या कंपनीतला कर्मचारी माझं चित्र बघू शकतो का? बघितलं तर त्याची नोंद मला दिसते का? सर्व्हर कुठे आहे, मुंबई-पुण्यात की देशाबाहेर? उत्तर लेखी घ्या. आपल्याकडे 2025 च्या एप्रिलपासून विक्रीला येणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे. तेव्हा जुना साठा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, चाचणीचा दाखला मागा.

फुटेज कोर्टात चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. मी वकील नाही, पण साक्षीदार म्हणून उभा राहिलोय, तेवढं सांगतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. त्यात दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक भाग यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलचं हॅश मूल्य त्यात लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा, फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, हे जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं. तिथे वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणाचा होता. तेव्हा क्लाउड कंपनीला आजच विचारा, हॅशसकट मूळ फाइल उतरवता येते का. मोबाइलच्या पडद्याचं चित्रण करून पोलिसांना व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. आणि फुटेज किमान 30 दिवस टिकायला हवं. आपल्याकडे पर्यटक बऱ्याचदा घरी पोचल्यावर तक्रार करतो, आणि सात दिवसांच्या प्लॅनमध्ये तोवर सगळं पुसलेलं असतं.

भाडेकरूंबद्दल. तुमचे कॅमेरे गेट, जिना, कॉरिडॉर, पार्किंग एवढेच बघू देत. गाळ्याच्या आत काय दिसावं हे गाळेवाल्याने ठरवायचं. 2015 साली कांदोळीतल्या एका कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूमच्या दिशेने असलेला कॅमेरा तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांना दिसला आणि प्रकरण पोलिसांत गेलं, ते गोव्यात कोणी विसरलेलं नाही. जिन्यातला कॅमेरा स्वच्छतागृहाच्या दाराकडे वळलेला नाही ना, हे स्वतः येऊन बघा. ‘इथे कॅमेरे आहेत’ अशी पाटी मराठी, कोकणी आणि इंग्रजीत लावा, भाडेकरारात एक ओळ घाला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटाची सुरक्षा न राखल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय, पण शिस्त आजपासून लावलेली बरी.

खर्चाचं एवढंच: पहिल्या वर्षाचा आकडा बघून ठरवू नका. क्लाउडला दर कॅमेऱ्यामागे दर महिन्याला भाडं असतं, ते थांबलं की साठा जातो, आणि काही कंपन्यांचे कॅमेरे दुसऱ्या कुठे चालतही नाहीत. पाच वर्षांचा हिशेब मांडून बघा. कॅमेरे ओएनव्हीआयएफ (वेगवेगळ्या कंपन्यांचं सामान एकमेकांशी जुळावं म्हणून ठरवलेलं मानक) पाळणारे असतील तर उद्या कंपनी बदलली तरी भिंतीवरचं सामान तेच राहील.

चार कॅमेरे कुठले, तेही सांगतो. म्हापशाला मुख्य गेट आणि जिन्याचं तोंड, थिवीला शटर आणि माल चढवायची जागा. गेटचा कॅमेरा माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीपासून फार वर नको, नाहीतर पावसात फक्त छत्र्या दिसतात. रेकॉर्डर वरच्या मजल्यावर कुलुपाच्या लोखंडी पेटीत ठेवा, पेटीला हवा खेळायला जागा हवी.

शुक्रवारी संध्याकाळचा अपलोडचा आकडा आणि कोटेशनवरची कॅमेऱ्यांची मॉडेलं इथेच खाली लिहा. बघून सांगतो त्यातलं काय ठेवायचं.